लोखंडी कैची : मोजणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आज नुसतं बघायला गेलो. ठाण्याहून सकाळची आसनगाव गाडी, पुढे जीप, मग दीडेक किलोमीटर पायी. सोबत भाचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भातसेला जाऊन मिळणारी ही आमच्या आजोळची नदी. जानेवारीत पाणी गुडघाभर, आणि त्यावर एकाच गाळ्यात या काठावरून त्या काठावर गेलेला लोखंडी पूल.

गावात त्याला पूल कुणी म्हणत नाही, ‘कैची’ म्हणतात. कैचीपाशी उतर, कैचीखाली म्हशी बसल्यात. छपराला कैची असते तशीच नदीवर टाकली आहे, हे इथल्या माणसांनी कुणी न सांगता ओळखलं होतं. मी बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्रॉइंग टेबलावर बसले. मलाही याहून नेमका शब्द सापडत नाही.

शेजारी काँक्रीटचा नवा पूल होणार, असं गावात बोललं जातंय. जुन्याचं काय, विचारलं तर मामेभाऊ म्हणाला, “ताई, वजनावर जाईल तो.” पूल ज्या कचेरीच्या ताब्यात आहे तिथे त्याचं एकही ड्रॉइंग नाही, मोजणी करायची लेखी परवानगी मात्र त्यांनी दिली. पावसाआधी तीन शीट पुरी करायची: एक उभी बाजू, एक तळ आणि आडवे छेद, एक सांध्यांची. लोखंड उद्या गेलं तरी ते कसं उभं होतं हे कागदावर राहिलं पाहिजे.

पूल दक्षिणोत्तर, म्हणून दोन कैच्यांना नावं दिली उगवतीची आणि मावळतीची. खालचे सांधे दक्षिणेकडून खा-० ते खा-८, वरचे व-१ ते व-७.

१२ जानेवारी, रविवार

मेगाब्लॉक. गाडी कल्याणला रखडली, पोचायला साडेदहा वाजले.

मापं घ्यायला सुरुवात केली. टेप, ओळंबा, पाण्याची नळी, खडू. मी आकडा सांगायचा, भाच्याने तो मोठ्याने परत म्हणून मगच लिहायचा. कारखान्यातली ही शिस्त, तिने कितीतरी टन लोखंड वाया जाण्यापासून वाचवलंय.

खण, म्हणजे शेजारच्या दोन सांध्यांमधलं अंतर, ४.५७ मीटर. कैचीची उंची ५.४९. एकूण गाळा ३६.५८. भाचा म्हणाला, “आत्या, असे तिरपागडे आकडे कुणी का निवडले असतील?” मी टेप उलटी धरायला सांगितली. दुसऱ्या बाजूला फूट-इंच आहेत. खण १५ फूट, उंची १८ फूट, गाळा १२० फूट. आठ खण, कुठे तुकडा नाही. तो बराच वेळ टेपकडे बघत राहिला.

मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६चा. त्याच्या पिढीला फूट म्हणजे फ्लॅट आणि माणसाची उंची, एवढंच उरलंय. इथून पुढे वहीत दोन रकाने: डावीकडे फूट-इंच, उजवीकडे मिलिमीटर.

१९ जानेवारी, रविवार

आज क्रॉस गर्डरवर, म्हणजे दोन कैच्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, नाव सापडलं.

खा-३च्या क्रॉस गर्डरच्या पोटावर गंजाखाली काही उठाव हाताला लागत होता. मास्क लावून, पाणी मारून हलक्या हाताने तारेचा ब्रश फिरवला. कोरडं खरवडायचं नाही असं भाच्याला दोनदा बजावलं, कारण रंगाच्या तळाचा थर शेंदरी आहे. जुन्या लोखंडाचा प्रायमर म्हणजे शेंदूरच, शिशाचा. मारुतीला पूर्वापार लावतात तोच. त्याने लोखंड जपलं, पण त्याची धूळ छातीत गेली तर शिसं जातं.

अक्षरं एकेक करत वर आली: डॉर्मन लाँग अँड कंपनी लिमिटेड, मिडल्सबरो, इंग्लंड. ही अक्षरं नंतर ठोकलेली नसतात. गिरणीच्या रोलरवरच कोरलेली असतात आणि तापलेलं लोखंड त्यातून जाताना पोटावर उमटतात. ही कंपनी ‘लिमिटेड’ झाली १८८९मध्ये, म्हणजे हा गर्डर त्याआधीचा नाही. पुढे १९३२ला सिडनीच्या खाडीवरचा कमानीचा पूल याच कंपनीने उभारला. जमशेदपूरला पोलादाचा पहिला इंगट, म्हणजे ओतीव ठोकळा, निघाला १९१२मध्ये. तोवर आपल्या पुलांचं पोलाद बहुतेक बोटीनेच यायचं. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेलं हे धूड इथवर रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांनीच आलं असणार. एकही तुकडा ३२ फुटांहून लांब नाही, जोड त्या हिशोबानेच टाकलेत.

नावाचा ठसा घेतला, ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल. तो पहिल्या शीटच्या कोपऱ्यात जाईल.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घरीच. नौपाड्यातल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल हेच मोठं टेबल. दुपारी ते आवरून शीट पसरलं आणि आकडेमोडीला बसलो. ही नोंद सविस्तर लिहिते, कारण आजच्यासारखा दिवस मला कितीतरी वर्षांत मिळाला नव्हता.

ही कैची प्रॅट पद्धतीची. थॉमस आणि कॅलेब प्रॅट या लेक-बापांनी १८४४ला अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. त्यातली युक्ती एका वाक्यात मावते: आखूड दांड्यांनी दाब घ्यायचा, लांब दांड्यांनी ताण. दाबाखाली लांब दांडा वाकतो, आणि वाकण्याआधी तो किती भार घेईल हे लांबीच्या वर्गाने कमी होत जातं. आपल्या कैचीत उभा दांडा १८ फूट, तिरका २३.४३. तोच छेद तिरक्यात दाबाला लावला असता तर उभ्याच्या तुलनेत साधारण ५९ टक्केच भार पेलला असता. ताणाला मात्र लांबीचं भय नाही. म्हणून इथे उभे दांडे जाडजूड, दोन चॅनेल, म्हणजे पन्हाळीच्या आकाराचे दांडे, लेसिंगच्या तिरक्या पट्ट्यांनी बांधलेले. आणि तिरके म्हणजे नुसत्या जोडपट्ट्या.

टोकाजवळचा पहिला उभा दांडा तेवढा बारीक आहे. गावातल्या पोरांनी मागच्या रविवारी विचारलं होतं, हाच का हडकुळा? तो दाब घेतच नाही. व-१ला टांगलेला आहे, खा-१चा भार नुसता वर उचलून धरतो.

प्रत्येक आतल्या खालच्या सांध्यावर एकेक भार धरला, त्याला ‘भ’ म्हटलं. सांधे सात, टेकूवर साडेतीन भ. टोकाच्या तिरप्या खांबात दाब ४.५६ भ. दुसऱ्या खणाच्या तिरक्यात ताण ३.२५ भ, तिसऱ्यात १.९५, चौथ्यात ०.६५. तिरक्यांचा ताण मध्याकडे उतरत जातो, आणि वरच्या कॉर्डचा, म्हणजे कैचीच्या वरच्या आडव्या दांड्याचा, दाब चढत चढत मध्यावर ६.६७ भ होतो.

मग मोजलेल्या पट्ट्या शेजारी मांडल्या. दुसऱ्या खणात दोन पट्ट्या, पाच इंच बाय पाच अष्टमांश. तिसऱ्यात चार बाय अर्धा. चौथ्यात तीन बाय तीन अष्टमांश. जोडीचं क्षेत्रफळ अनुक्रमे ६.२५, ४ आणि २.२५ चौरस इंच. भाचा म्हणाला, “जुळत नाही, आत्या. चौथ्यात ताण पाचपट कमी, आणि लोखंड तिप्पटसुद्धा कमी केलेलं नाही.”

हा हिशोब पुलाच्या स्वतःच्या वजनाचा होता. गाडी चालत जाते. ती प्रत्येक दांड्यासाठी सगळ्यात वाईट जागी आहे असं धरून पुन्हा मांडलं. लाइव्ह लोड, म्हणजे गाडीचा भार, दर सांध्याला डेड लोडइतकाच, म्हणजे पुलाच्या स्वतःच्या वजनाइतकाच धरला, तर तीन खणांतली एकूण कातर, म्हणजे तिरक्यांना पेलावं लागणारं उभं बल, येते ५.१३, ३.३८ आणि १.७५ भ. तिला क्षेत्रफळाने भागलं: ०.८२, ०.८४, ०.७८.

तिन्ही पट्ट्या जवळपास सारख्याच ताणात काम करतात. आम्ही दोघं गप्प बसलो. ज्याने हा पूल टेबलावर बसून आखला त्याने डेड आणि लाइव्ह लोड सारखे धरले होते, हे त्याच्या पट्ट्यांनी आम्हाला आज सांगितलं. त्याचं नाव कुठे नाही, कागद नाही, पण त्याची आकडेमोड नदीवर उभी आहे.

फुलीचं कोडंही सुटलं. मधल्या दोन खणांत एकाऐवजी दोन तिरके आहेत, एकमेकांना छेदणारे, त्यातला एक अगदी बारीक. गाडी दक्षिणेकडून चढून पहिल्या तीन सांध्यांवर असते तेव्हा चौथ्या खणातली कातर उलटते: गाडीची पाऊण भ एका दिशेने, पुलाच्या वजनाची अर्धी भ दुसऱ्या. पाव भ उलटीच उरते. मुख्य तिरका तेवढा वेळ ढिला पडतो आणि ती बारीक पट्टी ताण घेते. गाडी पुढे सरकली की पुन्हा पहिला.

चहा करायचं विसरलो. साडेसात वाजले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मिस्त्री आले. आमच्या कारखान्यात रिव्हेटच्या टोळीत होते, नंतर बोल्टिंगवर गेले. आता कळव्याला मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी नको म्हणत होते, त्यांनीच धरून बसवलं: “बाई, रिव्हेट कानाने आणि बोटाने बघायचा असतो. तुमच्या पोराला कोण शिकवणार?”

हलकी हातोडी घेतली. डाव्या हाताचं बोट रिव्हेटच्या डोक्याला आणि प्लेटला एकदम टेकवायचं, दुसऱ्या बाजूने डोक्यावर टोला. रिव्हेट घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही. ढिला असेल तर डोकं आणि प्लेट यांच्यातली हालचाल बोटाला लागते. भाच्याने पहिल्या वीस टोल्यांत एकही ओळखला नाही. एकविसाव्याला त्याचा चेहरा बदलला. मिस्त्री म्हणाले, “आता हे बोट विसरणार नाही.”

जेवताना त्यांनी टोळीचं काम सांगितलं. भट्टीवाला रिव्हेट लालभडक करायचा, चिमट्याने फेकायचा, झेलणारा पत्र्याच्या डब्यात झेलायचा. एक जण मागून डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, लावून धरायचा, पुढून दोघं आलटून पालटून घण, नाहीतर हवेची गन. रिव्हेट थंड होताना आखडतो आणि प्लेटा आवळून धरतो. पकड त्या आखडण्यातूनच येते. हावडा पूल, १९४३चा, असाच सगळा रिव्हेटवर उभा आहे. मिस्त्रींनी भाकरी मोडता मोडता सांगितलं की झेलणाऱ्याला त्या वेळी सगळ्यात कमी मजुरी असायची, आणि डोळा सगळ्यात आधी त्याचा जायचा. हे मला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या ड्रॉइंगवर रिव्हेट म्हणजे एक छोटं वर्तुळ असायचं.

उगवतीच्या कैचीचे सगळे खालचे सांधे तपासले: ढिले ११. मावळतीचे: ढिले ४७, त्यातले २९ एकट्या खा-५ला.

२ मार्च, रविवार

दिवसभर मावळती खा-५.

खालचा सांधा म्हणजे कचऱ्याची परडी. डेकच्या सागवानी फळ्यांतून माती गळते, वरून सागाची पानं, पावसात त्याचा चिखल होतो आणि तो जानेवारीपर्यंत ओला राहतो. ओल गसेट प्लेट, म्हणजे सांध्यावर दांडे एकत्र जोडणारी प्लेट, आणि पट्टीच्या मधल्या फटीत शिरते. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, आणि दोन रिव्हेटांच्या मधे प्लेट पाचरीने उचकटावी तशी बाहेर फुगते. पट्टी लावून फुगवटा मोजला: ९ मिलिमीटर. जुन्या कारखान्यातून जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक गेज दोन दिवसांसाठी मागून आणलंय. गसेट मूळची तीन अष्टमांश इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटर. बाहेरच्या गसेटला पाच ठिकाणी बघितलं: ८.८, ८.१, ७.६, ७.१, ६.९. आतल्या गसेटपर्यंत गेज पोचत नाही, मधे स्ट्रिंजर, म्हणजे डेकखालची लांब तुळई, येतो. त्यासाठी मचाण लागेल.

परतीच्या गाडीत भाच्याला मिनियापोलिसचं सांगितलं. १ ऑगस्ट २००७, मिसिसिपीवरचा आय-३५ डब्ल्यू पूल संध्याकाळच्या गर्दीत खाली आला, तेरा माणसं गेली. दांडे धड होते. काही सांध्यांच्या गसेट प्लेटा जिथे एक इंच हव्या होत्या तिथे मुळातच अर्ध्या इंचाच्या होत्या. आणि त्या वाकल्यात हे २००३च्या फोटोंत दिसत होतं. फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होतं, पण ते कुणी मोजलं नाही. तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “आपण मोजलंय.” मी म्हटलं, मोजून वहीत ठेवलं तर न मोजल्यासारखंच.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली, पुरणपोळी केली, मग पहिलं शीट शाईत घेतलं. एकास पन्नास प्रमाणात १२० फूट म्हणजे कागदावर ७३२ मिलिमीटर. ए-वन शीटवर दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा राहते. बाकी काही नाही.

१३ एप्रिल, रविवार

बेअरिंग, म्हणजे पुलाची टोकं टेकतात त्या जागा. दक्षिणेचं टोक पक्कं आहे, उत्तरेच्या टोकाखाली रोलर. पोलाद उन्हात वाढतं, म्हणून एक टोक सुटं हवं. सकाळी सात वाजता रोलरच्या प्लेटवर आणि खालच्या दगडी बेडब्लॉकवर एका रेषेत खूण केली. लोखंडाचं तापमान २४ अंश. दुपारी अडीचला ४९. हिशोबाने टोक ११ मिलिमीटर सरकायला हवं होतं. उगवतीचं सरकलं ६. मावळतीचं एक मिलिमीटरसुद्धा नाही.

मग बेडब्लॉककडे नीट बघितलं. मावळतीच्या दगडाला पुढच्या अंगाने तडा आहे, नखाएवढा रुंद, वर शेवाळ आलेलं. कितीतरी उन्हाळे पूल इथे दगडाला ढकलतोय.

रोलर दिसतच नव्हते. मातीत, मुळांत, एका जुन्या वारुळात गाडलेले.

२७ एप्रिल, रविवार

कचेरीला फोन करून विचारलं, माती काढायला हरकत नाही म्हणाले. मामेभाऊ आणि गावातली सहा-सात माणसं घमेली घेऊन आली. नुसती माती काढली, पाणी मारलं, ब्रश फिरवला. ग्रीस-तेलाला हात लावला नाही. ते काम वजन उचलून, रोलर बाहेर काढूनच करायचं असतं, आणि ते आपलं नाही. दुपारी पुन्हा माप. उगवती ९, मावळती ४.

चार मिलिमीटर. मामेभावाने मला ते तीनदा दाखवायला लावलं.

त्याच दिवशी पाण्याच्या नळीने कॅम्बर घेतला. पूल मध्यावर थोडा वर उचललेला बांधतात, म्हणजे भाराने तो सरळ होतो, पोट खाली काढत नाही. उगवतीची कैची मध्यावर ४१ मिलिमीटर वर आहे, मावळतीची २२. ढिले रिव्हेट, खा-५चं गसेट आणि हे १९ मिलिमीटर एकाच बाजूला बोट दाखवतात.

४ मे, रविवार

घरी. खा-५चा सांधा एकास दहा प्रमाणात काढला, ढिले रिव्हेट लाल शाईने. सोबत दोन पानी पत्र: मावळतीच्या सांध्याची जाडी, तडा, कॅम्बर, जड वाहनं तातडीने बंद करावीत, अभियंत्याकडून तपासणी व्हावी. मी ड्राफ्ट्समन आहे, पुलाचा दाखला देणारी अभियंता नाही, हेही लिहिलं. सोमवारी पोच घेऊन कचेरीत दिलं.

पुलावरून विटांचे ट्रॅक्टर अजून जातात. मामेभाऊ वीटभट्टीवाल्याशी जाऊन बोलला. तो म्हणाला, नवा होईपर्यंत दुसरा रस्ता अकरा किलोमीटरचा आहे, तुम्हीच सांगा. त्याचंही खोटं नाही.

२६ मे, सोमवार

मुंबईत आज पाऊस आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा हिशोब धरून मी कामं लावली होती. गेला आठवडाभर वळवाने झोडपलं आणि आज मान्सून जाहीरच झाला. आतल्या गसेटचं मचाण १ जूनला बांधायचं ठरलं होतं. मामेभाऊ फोनवर म्हणाला, “ताई, पाणी फळ्यांच्या खाली दोन हातांवर आलंय. येऊ नका.”

पत्राला उत्तर नाही.

१७ जून, मंगळवार

परवा, रविवारी दुपारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला. चार माणसं गेली, पन्नासाहून जास्त जखमी. तो पूल आमच्यापेक्षा कितीतरी नवा, पायी जाणाऱ्यांसाठीचा, वेगळ्या बांधणीचा. तरी बातमीत वाकलेल्या लोखंडाचं चित्र बघितल्यापासून मला खा-५ दिसतोय. रात्री झोप नाही.

आज सकाळी कचेरीतून फोन आला. तिन्ही शीट मागितली. दुपारी जाऊन दिली: ट्रेसिंगच्या प्रती, वहीची झेरॉक्स, सांध्याचं ड्रॉइंग पुन्हा एकदा. तिथल्या तरुण अभियंत्याने पहिलं शीट टेबलावर पसरलं आणि बराच वेळ एक शब्द न बोलता बघत राहिला. मग फुलीवर बोट ठेवून विचारलं, हे दोन तिरके कशाला? मी सांगितलं. त्याने पेन काढून स्वतः गणित मांडून बघितलं, ते मला फार आवडलं.

संध्याकाळी मामेभावाने फोटो पाठवला. दोन्ही तोंडांना रेल्वेचे जुने रूळ उभे पुरलेत, माणूस आणि सायकल जाईल एवढी फट सोडून. शेजारी वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर वळून परत जाताना दिसतो.

तिसऱ्या शीटवर मावळती खा-५च्या आतल्या गसेटच्या जागी जाडीचा रकाना कोरा आहे. तिथे पेन्सिलीने फक्त सांध्याचा क्रमांक घातलाय. मचाणाचे बांबू मामेभावाच्या गोठ्यात ठेवलेत, गेज कारखान्यातून नवरात्रानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी सांगून ठेवलंय. भाच्याने त्या दिवसाची सुट्टी आत्ताच टाकली.